गॅस्केट दोनदा बदलले तरी ऑइलमध्ये पाणी : जुन्या ट्रकच्या इंजिनातील गळतीचा माग

रेडिएटरमधले पाणी रोज थोडे कमी होते, गाडीखाली एक थेंबही पडलेला दिसत नाही, आणि ऑइलची काडी बाहेर काढली की तिच्यावर दुधाळ चहाच्या रंगाचा चिकट थर आलेला असतो, ही तक्रार घेऊन जुना ट्रक गॅरेजमध्ये आला की निदान जवळपास ठरलेले असते : हेड गॅस्केट, म्हणजे सिलिंडरांवरचे झाकण (हेड) आणि खालचा ब्लॉक यांच्यामधले सील, गेले. हेड उतरते, नवे गॅस्केट बसते, ऑइल बदलले जाते, गाडी रस्त्याला लागते, आणि दोन-तीन आठवड्यांनी तीच तक्रार परत येते. पुणे-कोल्हापूर मार्गावर माल वाहणाऱ्या एका ट्रकच्या बाबतीत असे दोनदा घडल्यानंतर तो माझ्याकडे आला. साताऱ्याकडे जाताना खंबाटकीचा घाट चढला की रेडिएटरच्या ओव्हरफ्लो नळीतून पाणी उसळून बाहेर येई, झाकण काढून पाहिले तर पाण्यात बुडबुडे दिसत, आणि सकाळी ऑइलची पातळी आदल्या दिवसापेक्षा वर चढलेली असे. या तीन लक्षणांवरून हेड गॅस्केटचा संशय घेणे चुकीचे नव्हते. संशयालाच निदान मानले, ही चूक झाली.

मालकाने दोन्ही जुनी गॅस्केट गोणपाटात गुंडाळून केबिनमध्ये ठेवली होती. ती उजेडात धरून पाहिली तेव्हा सिलिंडरच्या कडीपासून पाण्याच्या भोकापर्यंत जाणारा काळा, जळका माग त्यांपैकी एकावरही नव्हता. गॅस्केट खरोखर फुटले असेल तर ते सहसा अशी खूण सोडते. पहिल्या वेळी ती खूण शोधली असती, तर दुसऱ्या गॅस्केटचा आणि दोन वेळच्या ऑइलचा खर्च वाचला असता.

निदानाची सुरुवात ऑइलमध्ये खरोखर पाणी आहे का, या प्रश्नापासून करावी. ऑइल भरण्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला जमणारा पिवळसर फेस हा पुरावा नव्हे. थंडीच्या दिवसांत किंवा पावसाळ्यात गाडी रोज चार-पाच किलोमीटरच चालत असेल, तर ऑइल पुरेसे तापत नाही आणि हवेतील बाष्प झाकणाखाली धरून तसा फेस तयार होतो. खात्री करायची असेल तर गाडी रात्रभर सपाट जागी उभी ठेवावी आणि सकाळी इंजिन सुरू करण्यापूर्वी चेंबरचा (इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्याचा) ड्रेन प्लग हलके हलके सैल करून पहिले अर्धा लिटर पारदर्शक बाटलीत धरावे. पाणी ऑइलपेक्षा जड असल्यामुळे तळाशी बसते, म्हणून ते आधी बाहेर येते. जे पाणी ऑइलमध्ये घुसळून एकजीव झालेले असते ते मात्र असे वेगळे होत नाही. त्यासाठी चांगल्या तापवलेल्या लोखंडी तव्यावर ऑइलचे दोन थेंब सोडावेत. शुद्ध ऑइल शांतपणे पसरते आणि धुरावते, तर पाणी असलेले ऑइल चरचरते व त्यातून बारीक बुडबुडे फुटतात. थेंब उडतात, म्हणून चष्मा घालून आणि तोंड दूर ठेवूनच हे करावे.

दुसरी शक्यता अशी की ऑइल वाढते आहे, पण पाणी घटत नाही. तसे असेल तर ऑइलमध्ये बहुधा डिझेल उतरते आहे. ऑइल पातळ होते, बोटांमध्ये चोळल्यावर त्याला डिझेलचा वास येतो, आणि दोष फ्युएल पंपात, नोझलमध्ये (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या तोटीत) किंवा परतीच्या नळीत शोधावा लागतो. याउलट पाणी घटते, पण ऑइल स्वच्छ आहे आणि पातळीही स्थिर आहे, अशा वेळी पाणी सिलिंडरमध्ये जाऊन धुरावाटे बाहेर पडत असेल, किंवा वॉटर पंपाच्या बॉडीखालच्या लहान भोकातून गळून गरम इंजिनावरच सुकत असेल. म्हणून चालकाने रोज सकाळी, इंजिन थंड असताना, किती पाणी घातले आणि ऑइल काडीवर कुठे आहे, हे वहीत लिहावे. आठवड्याभराच्या या नोंदीतून जे कळते ते अनेकदा हेड उतरवूनही कळत नाही, आणि तिला खर्च काहीच नाही.

यापुढची कसोटी दाबाची आहे, आणि माझ्या मते सगळ्या निदानाचा कणा तीच आहे. चालू इंजिनात ऑइलचा दाब साधारण २ ते ४ बार (दाबाचे एकक) असतो, तर कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा, दाब रेडिएटरच्या झाकणाच्या मर्यादेपलीकडे, म्हणजे सुमारे १ बारच्या वर, सहसा जात नाही. त्यामुळे ज्या ठिकाणी दाबाचे ऑइल आणि पाणी यांच्यामध्ये एकच पातळ भिंत आहे, तिथे भोक पडले तर गाडी चालू असताना ऑइल पाण्यात जाते, पाणी ऑइलमध्ये जात नाही. इंजिन बंद केले की चित्र उलटते : ऑइलचा दाब काही क्षणांत शून्यावर येतो, पण तापलेल्या कूलंटचा दाब बराच वेळ टिकून राहतो, आणि त्याच भोकातून पाणी ऑइलकडे सरकते. रेडिएटरमध्ये तेलकट, चॉकलेटी साय तरंगते आहे आणि सकाळी ऑइलही दुधाळ आहे, अशी दोन्ही लक्षणे एकत्र दिसली तर पहिला संशय ऑइल कूलरवर, म्हणजे पाण्याने ऑइल थंड करणाऱ्या भागावर, घ्यावा. कमिन्सच्या बी मालिकेतील सहा सिलिंडरच्या ५.९ लिटर इंजिनात हा कूलर ब्लॉकच्या कुशीतच, पाण्याच्या खणात बसवलेला असतो. बाहेरून तो फुटलेला दिसूच शकत नाही आणि म्हणूनच विसरला जातो. तो बाहेर काढून, ऑइलची तोंडे बंद करून, हवा भरून पाण्यात बुडवला की पंक्चर काढल्यासारखा बुडबुडा नेमकी जागा दाखवतो. कूलर काढण्याचे काम हेड उतरवण्याच्या तुलनेत किरकोळ आहे. तरीही गॅरेजमध्ये क्रम उलटा असतो, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते.

आमच्या ट्रकच्या रेडिएटरमध्ये मात्र तेलाचा मागमूस नव्हता. म्हणजे जिथून पाणी आत जात होते, तिथे दाबाचे ऑइल नव्हते. उरल्या त्या जागा : हेड, गॅस्केट, लाइनर (ब्लॉकमध्ये बसवलेली, पिस्टन जिच्यात फिरतो ती नळी), ब्लॉकमधली भेग, आणि एक अशी जागा जिच्याकडे कोणाचेच लक्ष जात नाही, ती म्हणजे ब्रेकसाठी हवा भरणारा एअर कॉम्प्रेसर.

अनेक ट्रकमध्ये या कॉम्प्रेसरचे हेड इंजिनाच्याच पाण्याने थंड केले जाते आणि त्याच्या क्रँकला ऑइलही इंजिनाकडूनच मिळते. ते ऑइल परत चेंबरमध्ये उतरते. म्हणजे कॉम्प्रेसर ही एक लहानशी मशीन असली, तरी पाणी, हवा आणि ऑइल या तिन्हींचा तिथे शेजार आहे. त्याच्या हेडला भेग पडली किंवा त्याचे गॅस्केट गेले, तर हवा भरत असताना कित्येक बार दाबाची हवा कूलंटमध्ये घुसते. रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसतात आणि पाणी ओव्हरफ्लोमधून बाहेर फेकले जाते. इंजिन बंद झाल्यावर याच वाटेने पाणी कॉम्प्रेसरच्या सिलिंडरमध्ये उतरते, पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून खाली झिरपते आणि परतीच्या वाटेने इंजिनाच्या चेंबरमध्ये पोहोचते. बुडबुडे, उसळणारे पाणी, दुधाळ ऑइल : तिन्ही लक्षणे हेड गॅस्केटचीच वाटतात, आणि हेड गॅस्केट मात्र निर्दोष असते.

हा भेद ओळखण्याचे तीन मार्ग आहेत. पहिल्यासाठी कोणतेही साधन लागत नाही. चाकांना उटी (अडसर) लावून, थंड इंजिनावर रेडिएटरचे झाकण काढून इंजिन सुरू करावे. एअर टाकी पूर्ण भरून कॉम्प्रेसर कट-ऑफ झाला, म्हणजे त्याने हवा भरणे थांबवले, की बुडबुडे थांबतात का, ते पाहावे, आणि मग कोणाला तरी केबिनमध्ये बसवून ब्रेक पुन्हा पुन्हा दाबायला सांगावे, म्हणजे हवा कमी होऊन कॉम्प्रेसर परत भरू लागतो. बुडबुडे त्याच्याबरोबर येत आणि जात असतील, तर दोष सिलिंडरच्या ज्वलनाचा नाही. दुसरा मार्ग निळ्या द्रावणाच्या चाचणीचा. ब्रोमोथायमॉल ब्लू हे द्रव्य असलेल्या या द्रावणातून रेडिएटरच्या तोंडावरची हवा ओढली जाते. तीत जळालेल्या वायूमधला कार्बन डायऑक्साइड असेल तर निळा रंग हिरवट ते पिवळा होतो. कॉम्प्रेसरची हवा ही बाहेरचीच साधी हवा असल्यामुळे तिने रंग बदलत नाही. चाचणीपूर्वी पाण्याची पातळी थोडी कमी करावी, कारण द्रावणात कूलंट ओढले गेले तर निकाल निरुपयोगी ठरतो. आणि डिझेल इंजिनात रिकाम्या चालीवर कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण कमी असल्याने रंग सावकाश बदलतो, तेव्हा घाईने निर्दोष ठरवू नये. तिसरा मार्ग एअर टाकीचा ड्रेन वॉल्व उघडण्याचा आहे. टाकीत हवेतील बाष्पाचे पाणी नेहमीच जमते, परंतु त्याला कूलंटचा हिरवा किंवा लाल रंग आणि गोडसर वास असेल, तर वेगळे काही सिद्ध करायची गरज राहत नाही. आमच्या ट्रकच्या टाकीतून फिकट हिरवे पाणी आले. ड्रायव्हर म्हणाला, ते तर कधीपासून येते आहे. त्याला ते कोणी विचारलेच नव्हते.

तरीही केवळ रंगावर न थांबता प्रेशर टेस्ट करावी. रेडिएटरच्या तोंडावर हातपंप बसवून, इंजिन बंद ठेवून, झाकणावर लिहिलेल्या दाबाइतकाच दाब भरावा. जुना रेडिएटर त्याहून अधिक दाबाने फुटू शकतो. अर्ध्या तासात काटा उतरला आणि बाहेर कुठेही ओल दिसली नाही, तर गळती आत आहे हे निश्चित. यानंतर कॉम्प्रेसरकडे जाणाऱ्या आणि तिथून येणाऱ्या पाण्याच्या दोन्ही नळ्या काढून त्यांची इंजिनाकडची तोंडे बंद करावीत आणि तोच दाब पुन्हा भरावा. आमच्या गाडीत पहिल्या वेळी काटा सरळ खाली आला आणि दुसऱ्या वेळी दुपारच्या जेवणापर्यंत जागचा हलला नाही. कॉम्प्रेसरचे हेड काढल्यावर वॉल्वच्या बैठकीजवळ केसासारखी भेग दिसली. नळ्या बंद असलेल्या स्थितीत इंजिन चालवू नये, कारण पाण्याविना कॉम्प्रेसर काही मिनिटांतच तापतो.

नळ्या बंद करूनही काटा उतरत असेल, तर शोध इंजिनात न्यावा लागतो, पण तेव्हाही हेड आधी न उतरवता चेंबर खाली घ्यावा. ऑइल काढून चेंबर उतरवल्यावर खाली कोरडा पुठ्ठा अंथरावा, त्यावर खडूने सिलिंडरचे क्रमांक लिहावेत, आणि कूलंट प्रणालीत दाब भरून काही तास थांबावे. थेंब कुठे पडतो आणि वर कुठून येतो, हे बॅटरीच्या उजेडात पाहता येते. पाणी पिस्टनच्या बाजूने, रिंगांवरून उतरत असेल तर ते वरून येते आहे, म्हणजे गॅस्केट, हेडची भेग किंवा सिलिंडरच्या भिंतीतले छिद्र. लाइनरच्या बाहेरच्या अंगाने, ब्लॉकच्या खालच्या कडेवरून थेंब येत असेल तर वेट लाइनरच्या रबरी रिंगा गेल्या आहेत. येथे आपले इंजिन कोणत्या बांधणीचे आहे हे माहीत असावे लागते. कमिन्सच्या एनटी ८५५ सारख्या इंजिनात पाणी थेट लाइनरला भिडते आणि तळाशी रबरी रिंगा ते अडवतात. वर सांगितलेल्या ५.९ लिटर इंजिनात वेगळा लाइनर नसतो, पिस्टन ब्लॉकमध्येच फिरतो, त्यामुळे त्याच्या बाबतीत ‘लाइनरची रिंग गेली’ असे कोणी सांगितले तर सांगणाऱ्याचे पुढचे ऐकू नये.

पाणी सिलिंडरमध्ये जात असल्याचा संशय असेल तर एक काळजी सर्वांआधी घ्यावी. रात्रभरात सिलिंडरमध्ये पाणी साठले असेल आणि सकाळी सेल्फ मारला, तर पाणी दाबले जात नाही. पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. सेल्फ मारल्यावर एक जड ‘टक्’ होऊन इंजिन जागीच थांबले, तर दुसऱ्यांदा सेल्फ मारू नये. नोझल काढून, भोकांपासून दूर उभे राहून इंजिन फिरवावे. ज्या भोकातून पाणी उडते तो सिलिंडर सापडला. पांढऱ्या धुराबाबत मात्र सावध असावे : थंड डिझेल इंजिन न जळलेल्या डिझेलचाही पांढरा धूर सोडते, पण तो डोळ्यांना झोंबतो आणि इंजिन तापल्यावर विरतो, तर पाण्याचा धूर इंजिन तापल्यावरही निघत राहतो.

हेड खरोखरच उतरवावे लागले, तर ते केवळ गॅस्केट बदलण्यासाठी उतरवू नये. हेडचा आणि ब्लॉकचा पृष्ठभाग सरळ पट्टी व फिलर गेजने (फट मोजणाऱ्या पातळ पात्यांनी) लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर मोजावा. किती फरक चालतो हे त्या इंजिनाच्या पुस्तकात दिलेले असते आणि ते मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजले जाते, म्हणून नखाने चाचपून ‘सपाट आहे’ म्हणणे हे मोजमाप नव्हे. हेड लेथवाल्याकडे नेल्यावर आधी प्रेशर टेस्ट आणि मग फेसिंग (पृष्ठभाग घासून सपाट करणे), हा क्रम ठेवावा, कारण भेगाळलेल्या हेडचे फेसिंग केल्याने भेग झाकली जाते, बुजत नाही. बीडाच्या (ओतीव लोखंडाच्या) हेडमध्ये भेगा बहुधा दोन वॉल्व सीटच्या मधे किंवा सीट आणि नोझलच्या मधे पडतात, आणि काही थंड असताना मिटलेल्या असतात, तेव्हा गरम पाण्यात केलेली चाचणी अधिक विश्वासार्ह ठरते. लाइनर असलेल्या इंजिनात प्रत्येक लाइनर ब्लॉकच्या वर किती उठला आहे, हे डायल गेजने मोजावे; शेजारच्या दोन लाइनरांत तफावत असेल, तर जगातले कोणतेही गॅस्केट तिथे टिकणार नाही. बोल्ट टॉर्क रेंचने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने), मध्यापासून बाहेरच्या बाजूस, टप्प्याटप्प्याने आवळावेत. जुन्या गाड्यांत बोल्टच्या भोकात पाणी किंवा ऑइल साचलेले असते; तसाच बोल्ट आवळला तर रेंच खोटा आकडा दाखवतो, आणि क्वचित ब्लॉकही चिरतो.

वेट लाइनरवर टाचणीने टोचल्यासारखी छिद्रे एका बाजूला, रांगेत दिसली, तर दोष पाण्यात आहे. पिस्टनच्या धक्क्याने लाइनर कंप पावतो, त्याच्या पाण्याकडच्या अंगावर सूक्ष्म बुडबुडे तयार होऊन फुटतात, आणि प्रत्येक फुटण्याबरोबर धातूचा कण उडतो; वर्षानुवर्षे हे चालले की लाइनर आरपार जातो. जड डिझेल इंजिनांच्या कूलंटमधली नायट्राइटसारखी द्रव्ये लाइनरवर संरक्षक थर धरून हे रोखतात. ‘आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग कूलंट कशाला’ हा प्रश्न मी अनेकदा ऐकला आहे. त्याचे उत्तर या छिद्रांमध्ये आहे. शिवाय वाटेतल्या ढाब्यावरच्या बोअरचे पाणी घालत राहिले, तर दख्खनच्या कठीण पाण्यातला क्षार इंजिनाच्या खणांत थर धरतो, हेड एका भागात अधिक तापते आणि मग भेगेची वाट तयार होते. कूलंट शुद्ध, क्षार काढलेल्या पाण्यातच, निर्मात्याने सांगितलेल्या प्रमाणात मिसळावे.

दुरुस्तीनंतरचे काम पुष्कळदा अर्धवट सोडले जाते. दुधाळ ऑइल एकदा काढल्याने आतले पाणी जात नाही. ते कूलरमध्ये, फिल्टरमध्ये आणि ऑइलच्या मार्गांत राहते. नवा फिल्टर व स्वस्त पण योग्य ग्रेडचे ऑइल घालून इंजिन रिकाम्या चालीवर कामाच्या तापमानापर्यंत न्यावे, काढून टाकावे, आणि ऑइल स्वच्छ निघेपर्यंत हे पुन्हा करावे. कूलंटमधले ग्लायकॉल ऑइलमध्ये चिकट गाळ करते आणि शिसे-तांब्याच्या बेअरिंगला खाते, म्हणून गाडी दुधाळ ऑइलवर शंभर-दोनशे किलोमीटर जरी चालली असेल, तरी चेंबर उतरलेला असतानाच एक-दोन मेन बेअरिंग उघडून पाहावीत. कॉम्प्रेसरचा दोष निघाला असेल तर एअर टाक्या पूर्ण रिकाम्या कराव्यात आणि ड्रायर (हवेतील ओलावा काढणारा भाग) व ब्रेकचे वॉल्व तपासावेत, कारण कूलंट त्यांच्यापर्यंत पोहोचलेले असते आणि तिथल्या रबराला ते सोसत नाही. आमच्या ट्रकचे दोन वॉल्व चिकटू लागले होते. ते बदलले, कॉम्प्रेसरला नवे हेड बसवले, आणि इंजिनाच्या हेडला हातही लावला नाही. मालकाला वही पुढचा महिनाभर चालू ठेवायला सांगितली. तिच्यात पाण्याच्या रकान्यात पहिल्या आठवड्यात एकदा अर्धा लिटर लिहिलेले आहे, प्रणालीत अडकलेली हवा निघाल्यावर पातळी बसली त्याचे, आणि त्यापुढे रोज शून्य.